सात मुशींची घंटा

एका राज्यात सरोवराच्या काठी एक मोठी घंटा होती. धुकं पडलं की ती वाजे आणि तिच्या नादाच्या रोखाने नावा किनाऱ्याला लागत. धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने रागाच्या भरात ती फोडली, पाण्यावर धुकं पसरवलं आणि शाप दिला, "निर्दोष घंटा वाजेपर्यंत हे हटणार नाही. आत अडकलेल्यांचा काळही थांबेल." त्या सकाळी चाळीस नावा पाण्यावर होत्या. त्यांतल्या एकीत इंदुप्रभेचा नवरा जयशेखर होता.

इंदुप्रभा राजाच्या ओतशाळेची मुख्य. तिच्या हाताखाली सात ओतारी, सात मुशी. सातही मुशींतला वितळलेल्या काशाचा रस एकदम साच्यात पडावा लागे, नाहीतर घंटा तडके. तिथली रीत मोठी कडक. मुख्याने उंच चौथऱ्यावर बसायचं, निशाण हलवून इशारा द्यायचा, कोणाशी बोलायचं नाही, जेवायचंही एकट्याने. ज्याची चूक उघडी पडेल त्याचं दारावर कोरलेलं नाव खरवडून त्याला कायमचं घालवायचं. अशा जागी चूक कोण कबूल करील? तीन वर्षांत दोन घंटा तडकल्या, आणि दोन्ही वेळा सातही जण म्हणाले, "माझी मूस वेळेवर होती."

राजाने निरोप धाडला, "आता एकाच घंटेपुरतं कासं उरलं आहे."

इंदुप्रभा चौथऱ्यावरून धुक्याकडे पाहत राही. घरी एकटीचं ताट, इथेही एकटीचं ताट. रडावं तर खालून चौदा डोळे बघत होते. एकदा सकाळी एक टिटवी शेजारी येऊन बसली. तिला माणसाची वाचा होती आणि तोंड भलतंच फटकळ होतं.

"तीन प्रश्नांची उत्तरं खाली जाऊन दे, घंटा निघेल," टिटवी म्हणाली. "कोणाची भट्टी उशिरा तापते? कोणाचा हात भाजला आहे? पहिली घंटा का तडकली?"

"पहिली दोन मला ठाऊक नाहीत."

"इतक्या उंचावरून कशी असतील?"

तिसरं उत्तर मनातच ठेवून इंदुप्रभा उठली. ती चौथरा उतरली. म्हाताऱ्या सोमदत्ताची भट्टी ओल्या भिंतीला होती, कोळसा नुसताच धुमसत होता. तिने ती जागा बदलून दिली. दुपारी ती ओताऱ्यांच्या पंगतीत बसली, तेव्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले. वज्रनाभ डाव्या हाताने जेवत होता, उजव्याला चिंधी होती. तिने काही न विचारता कोरफड आणून त्यावर लावली.

तिसरं उत्तर मात्र अजून द्यायचं होतं. ती उभी राहिली.

"पहिली घंटा माझ्यामुळे तडकली. धुक्यात मला शीड दिसल्याचा भास झाला आणि मी निशाण लवकर हलवलं."

मग छिन्नी घेऊन तिने दारावरचं आपलं नाव स्वतःच खरवडलं. जायला निघाली, तोच वज्रनाभ उठला. "दुसरी माझ्यामुळे. मूस हातातून निसटली." त्याने छिन्नी घेतली. सोमदत्त म्हणाला, "भट्टीला ओल आहे, हे मीही कधी बोललो नाही." एकेक करत सगळे उठले. संध्याकाळी राजा येऊन पाहतो तर दारावर एकही नाव नाही!

"रीतीप्रमाणे आठही जणांना घालवायला हवं," राजा म्हणाला. "मग रस कोण ओतणार? मी?" आणि त्याने ती रीतच मोडली.

ओतण्याच्या दिवशी इंदुप्रभा ओताऱ्यांमध्ये उभी राहिली. समोर धुकं हललं, तिचा हात निशाणाकडे गेला.

"थांबा," सोमदत्त म्हणाला.

ती थांबली. त्याने मान डोलवल्यावरच तिने निशाण हलवलं. घंटा अखंड निघाली. तिचा पहिला टोल पडताच धुकं विरलं आणि त्याबरोबर धूम्रकेशही विरून गेला.

एकोणचाळीस नावा आल्या. इंदुप्रभा काठावर उभीच होती. चाळिसावी आली ती सगळ्यांत शेवटी. जयशेखर उतरला. त्याच्या लेखी अजून तीच सकाळ होती.

"उशीर झाला का गं?" त्याने विचारलं. "जेवायची थांबलीस?"

"थोडासा झाला," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत रडली. "चला, नऊ पानं मांडली आहेत."