अळणी दगड

त्या दगडावर बसू नका हो पाव्हणं! हात लावा हवं तर. कसा गुळगुळीत खळगा पडलाय बघा. गुरांनी चाटून चाटून पडलाय, असं आमच्याकडं सांगतात.

फार मागची गोष्ट. वर आम्ही घाटवळ, नाचणी पिकवणारे. खाली खाडवळ, मिठागरवाले. बोली वेगळी, देव वेगळे, पण सोयरीक व्हायची. ते या दगडावर मिठाची गोणी उतरवायचे, आम्ही नाचणीची. मग घाटवाट कुणाची, यावरून पेटलं. तीन महिन्यांत दोन्हीकडची दीडशे माणसं गेली म्हणे. लढाई थांबली, राग कुठं थांबतो? आमच्या शहाण्यांनी याच दगडापाशी शपथ घातली, खाडीचं मीठ घरात आणील तो वाळीत! त्यांनी नाचणीवर तशीच घातली.

झालं! चाळीस वर्षं अख्खा घाट अळणी जेवला. सणाचं वरण अळणी, बाळंतिणीची पेज अळणी. गुरं खंगली, जुन्या चवीसाठी हा दगड चाटत उभी राहायची. खाली त्यांची पोरं भाकरीवाचून वाढली. पण माघार घेणार कोण? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

वर तान्हाई नावाची बाई होती. लढाईच्या आदल्या वर्षी तिनं एकुलती लेक आवडी खाली दिलेली. भेट कायमची तुटली. तान्हाई दर सोमवारी लेकीच्या नावानं इथं भाकर ठेवायची. दुसऱ्या दिवशी भाकर नसायची.

"कावळं खात्यात गं येडे," बाया म्हणायच्या.

"खाऊ देत. तिच्या वाटंवर ठेवली, एवढं बास."

चाळिसाव्या वर्षी एका सोमवारी दगडापाशी एक बाई उभी. नाकडोळे आवडीचे, बोली खाडीची. पळसाच्या पानात मूठभर मीठ.

"आजी, आय गेली. तुजी भाकर तीच नेत होती. झाडाआडून तुला बघायची. मीठ ठेवलं तर तुला वाळीत टाकतील, म्हणून नुसती बघायची."

तान्हाई तिच्या गळ्यात पडून रडली. मग नातीचा हात धरला, भर दुपारी गावात लग्नाची पंगत बसलेली तिथं गेली, आणि नातीला पानापानावर मीठ वाढायला लावलं. "टाका वाळीत!" म्हणाली. निम्मी पंगत उठली. निम्मी रडत जेवली.

आजही आमच्याकडं लग्नात अन्न अळणीच रांधतात, आणि मीठ वाढायला खाडीची बाई येते. आजही काहीजण उठतात. आमच्या पणज्याचे दोन भाऊ त्या लढाईत गेले, म्हणून माझा थोरला भाऊ दरवेळी उठतो. पण उठलेल्याचं पान उचलायचं नाही, मीठ वाढून तसंच ठेवायचं, हा तान्हाईचा नेम.

गेल्या साली माझ्या नातीच्या लग्नात तो उठला, दारापर्यंत गेला आणि माघारी येऊन पानावर बसला. वरण पार गार झालेलं. पहिला घास घेऊन म्हणाला, "मीठ जास्त पडलंय."

खाल्लं मात्र सगळं.