झिजलेली कडी

एका राज्यात दारे पुष्कळ होती, राजाच्या महालात तर फारच. पण ही गोष्ट एकाच दाराची आहे, आणि त्या दाराच्या कडीची. दार शिसवीचे, राजाच्या राहत्या घराचे. कडी लोखंडाची, एका बाजूला झिजून पार बारीक झालेली. राजाच्या पणजोबांच्या काळी एका मांत्रिकाने ती घडवली होती. कडी फिरवली तर दार उघडे. नाही फिरवली तर ते बाहेरूनही उघडत नसे आणि आतूनही नाही. याचे कोणाला नवल वाटत नसे.

राजाचे नाव वीरकेतू. तो जन्मला आणि त्याची आई वारली. नदीपलीकडच्या गवराई नावाच्या बाईने त्याला अंगावर पाजून वाढवले, म्हणून ती त्याची दूधआई. ती त्याला केतोबा म्हणे; रोज सकाळी त्याला कडेवर घेऊन ती ते दार उघडायची. एकच हात मोकळा, म्हणून कडी नेहमी एकाच जागी धरायची. कडी झिजली ती तिथे. पुढे केतोबाचा वीरकेतू झाला, डोक्यावर मुकुट आला, घरात राणी आली, आणि गवराई आपल्या गावी राहायला गेली. राजाने तिला कधी जा म्हटले नव्हते. राहा, असेही म्हटले नव्हते.

यथावकाश राजाला मुलगी झाली. बारशाला शेजारच्या तीन राज्यांचे राजे आले. अंगणात चौरंग मांडले, लाडवांची ताटे आली. राणी शशिप्रभा आत पाळण्यापाशी समई लावून बसली. राजा पाहुण्यांत मोठ्या ऐटीत मिरवत होता. ती झिजलेली कडी तेवढी त्याच्या डोळ्यांत खुपत होती. बारसे आटोपले की सोन्याची बसवू, असे तो सांगत होता, तोच गवराई आली.

पाय अनवाणी, लुगड्याला ठिगळ, बगलेत एक दुपटे. दुपटे म्हणजे काय, तर जुन्या लुगड्यांचे तुकडे, लाल, हिरवे, विटके, एकाला एक जोडून हाताने टाचलेले. तिने इकडे पाहिले नाही, तिकडे पाहिले नाही. सरळ दाराशी गेली आणि कडीच्या त्या झिजलेल्या जागी हात घातला. दार किलकिले झाले.

थोरल्या पाहुण्या राजाने विचारले, “राजन, ही कोण?”

वीरकेतूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला ते ठिगळ दिसले, ते विटके दुपटे दिसले, आणि पाहुण्यांच्या बोटांतल्या अंगठ्या दिसल्या.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “वाट चुकलेली बाई आहे.”

तो उठला, दाराशी गेला. तिचा हात त्याने कडीवरून उचलून बाजूला केला आणि घाईघाईने म्हणाला, “आज नको. पाहुणे आहेत.”

“बरं बाळा,” गवराई म्हणाली. “येते हं मग.”

आता त्या राज्याची रीत अशी, की निघणाऱ्याने जाते म्हणू नये, येते म्हणावे. आणि दारात उभे असेल त्याने ये म्हणावे. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. भांडून निघालेल्या व्याह्यालासुद्धा लोक दात-ओठ खात का होईना, या म्हणत. पण राजा पडला घाईत.

“जा,” तो म्हणाला, आणि कडी धरून त्याने दार ओढून घेतले.

दार मिटले. कडी हातात आली.

चिडून त्याने ती पायऱ्यांवर फेकली आणि हसरा चेहरा करून पाहुण्यांत जाऊन बसला. कडीचे पुढे काय झाले, हे पाहायला तो थांबला नाही. चुकलेच त्याचे.

बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली, तेव्हा घोटाळा कळला. दार हलेना. आतून राणीने थापा मारल्या, बाहेरून राजाने. पहारेकऱ्यांनी कुऱ्हाड घातली, तर कुऱ्हाडीची धार बोथटली. पाहुण्यांना राजा म्हणाला, “बाळ निजलंय. उठलं की बारसं करू.” पाहुणे लाडू खात बसले. खाणारे काय, खातच असतात.

दाराच्या चौकटीवर एका साळुंकीचे घरटे होते. ती खाली वाकून म्हणाली, “राजा, दाराखाली बघ.”

उंबऱ्याच्या फटीतून समईच्या उजेडाची पिवळी रेघ दिसत होती.

“ती समई विझेल, तेव्हा दाराची भिंत होईल,” साळुंकी म्हणाली. “मग आतलं माणूस आत आणि बाहेरचं बाहेर.”

राजाने हात जोडले. “उपाय सांग.”

“कडी बसव.”

पायऱ्यांवर शोधले, तर जुनी कडी नव्हती. राजाने नवी आणायचे ठरवले. त्या राज्यात तेव्हा कडी मिळेल अशा तीन जागा होत्या, आणि पहिली होती शापित खजिन्याचे भुयार. साळुंकी पुढे उडाली. तिची सावली पडे तिथे रस्ता आखूड होई, म्हणून राजा लवकर पोचला.

खजिन्यावर नाग बसला होता. त्याने विचारले, “जुनी कडी कशाने निघाली?”

“जुनी होती,” राजा म्हणाला. “झिजली होती. निघाली.”

नागाने सोन्याची कडी दिली. राजाने ती आणून दाराला लावली, आणि तिची राख होऊन उंबऱ्यावर सांडली. पिवळी रेघ दोऱ्याएवढी झाली होती. आत बाळ रडत होते, आणि राणी त्याला काहीतरी म्हणून दाखवत होती. काय ते नीट ऐकू येत नव्हते.

दुसरी जागा मांत्रिक मायादत्ताची भट्टी. तो विजा पकडून घणाने ठोकत बसला होता. मान वर न करता त्याने विचारले, “जुनी कडी कशाने निघाली?”

राजा अडखळला. मग म्हणाला, “एका म्हातारीने ओढली.”

हे बोलला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण बोललेला शब्द माघारी घ्यायला धीर लागतो, तो त्याच्यापाशी नव्हता. मायादत्ताने विजेची कडी दिली. राजाने ती दाराला लावली. तिने त्याचा तळहात भाजला, दोनदा लखलखली आणि आभाळात निघून गेली.

तो भाजलेला हात धरून राजा पायरीवर बसला. मुकुट कपाळावर घसरला होता, तो त्याने सारखा केला नाही. पाहुणे मान वळवून बघत होते, आणि त्यांच्याकडे बघायची राजाला सोय नव्हती.

“साळुंके,” तो म्हणाला, “जुनी कडी कुठे आहे?”

“हे आधी विचारायचंस,” साळुंकी म्हणाली. “दाराच्या कडीला दोनच शब्द कळतात, ये आणि जा. तू तिला हातात धरलंस आणि जा म्हणालास. तिला वाटलं, आपल्यालाच सांगितलं. ती बिचारी निघाली. घरंगळत त्या बाईच्या मागोमाग गेली, नदीपलीकडे.”

राजाने मान खाली घातली. त्या तिसऱ्या जागेला जायला त्याला साळुंकी नको होती. वाट त्याला पाठ होती. पण त्या वाटेने तो इतक्या वर्षांत एकदाही गेला नव्हता, याची आठवण पावलोपावली येत होती.

गवराईचे घर कुडाचे. दाराला लाकडाची फळी, फळीला सुताचा दोर, आणि त्या दोराला बांधलेली राजाची कडी. गवराईने ती चिंच लावून घासली होती. झिजलेली जागा चकचकत होती.

राजाने हळूच फळी वाजवली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

मी राजा वीरकेतू, असे म्हणायला तो गेला. सकाळी दुसऱ्याच कोणाला दिलेले उत्तर तेवढे तोंडात आले. “कोणी नाही,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोला हो, मला कमी ऐकू येतं!” असे म्हणत गवराईने दार उघडले, आणि तिचे तोंड फुलले. “अगंबाई, केतोबा! ये, आत ये. आणि बरं का, कडी पोचली हो. पोरानं आठवण ठेवली! सकाळी घाईत तुला बोलता आलं नाही, म्हणून मागनं पाठवलीस ना? वेशीतल्या सगळ्या बायकांना दाखवली मी.”

राजा उभा राहिला तो राहिलाच. हो म्हटले की काम झाले. हो, मीच पाठवली, आता जरा परत दे, दुसरी चांगली देतो. म्हातारी हसत हसत देईल, तिला काही कळायचे नाही. तोंडात हो तयार होते. पण दोराला बांधलेली कडी थरथरू लागली आणि दोराची गाठ आपोआप घट्ट घट्ट होत गेली. राजाने ते पाहिले. आणि खरे सांगायचे तर गाठीपेक्षा तिच्या हसण्याचे त्याला जास्त भय वाटले. इतके स्वच्छ हसणे त्याला झेपणारे नव्हते.

“मी नाही पाठवली,” तो मोठ्याने म्हणाला. “तू येते म्हणालीस, तेव्हा मी काय म्हणालो, ते तुला ऐकू आलं होतं?”

“ये म्हणालास की. दुसरं काय म्हणणार?”

“जा म्हणालो.”

गवराईचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतून गेले.

“पाहुण्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, कोणी नाही. वाट चुकलेली बाई आहे. आणि कडी कशाने निघाली, असं मायादत्तानं विचारलं, तर तुझ्यावर ढकललं.”

ती खाली बसली. दुपटे उलगडले, घडी घातली, पुन्हा उलगडले, पुन्हा घातली. राजाला वाटले, हिने रागवावे, थोबाडीत द्यावी. ती देईना. लाज काय असते, ते त्याला सकाळी कळले आहे असे वाटले होते. छे. ते काहीच नव्हते.

“शशीचा निरोप आला होता मला,” शेवटी ती म्हणाली. “बाळाला आत्या नाही, आजी नाही, तर कानात नाव तुम्ही सांगा, असा. म्हणून आले होते. न बोलावता नव्हते आले.”

“आई,” राजा म्हणाला. अडखळत त्याने दार, समई, भिंत, सगळे सांगितले.

गवराई ताडकन उठली. “बाळ आत आहे? मग बसलोय काय आपण! चल. तुझं नंतर बघू.”

तिने हात लावताच दोराची गाठ सुटली.

मागोमाग आलेल्या साळुंकीने आपली सावली जितकी ताणता येईल तितकी ताणली. दोघे अंगणात आली, तेव्हा पिवळी रेघ केसाएवढी उरली होती. राजाने भाजल्या हाताने कडी दाराला लावली. ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिन्ही पाहुणे उठून जवळ आले.

थोरल्या राजाने विचारले, “ही वाट चुकलेली बाई परत कशी आली?”

सगळे अंगण ऐकत होते. पहारेकरी, वाढपी, सगळे. राजाचे कान तापले, मान तापली, पण या खेपेला त्याने तोंड फिरवले नाही.

“ती वाट चुकलेली नाही,” तो म्हणाला. “ही माझी आई. हिच्या दुधावर मी वाढलो. तुमच्यापुढे मला तिच्या लुगड्याची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो, आणि तिला माझ्या दारातून घालवलं.” मग तो गवराईकडे वळला. “ये, आई.”

कडी त्याच्या हातातून सरकली, कोयंड्यात जाऊन बसली आणि गप्प राहिली. गवराईने झिजल्या जागी हात घातला. दार उघडले. आत समईची वात काजळून शेवटची फडफडत होती. राणीने बाळाला छातीशी धरले होते. गवराईने आधी समईत तेल घातले, मग बाळाला दुपट्यात गुंडाळले आणि त्याच्या कानात नाव सांगितले. काय सांगितले, ते राजाला सगळ्यांबरोबरच कळले. त्याला आधी विचारायचे कोणाला सुचले नाही.

बारसे झाले. उरलेले लाडू वाटले. ऊन कलले तशी गवराई निघाली. राजाने राहा म्हणून विनवले, पण ती राहिली नाही. “माझं घर उघडं टाकून आलेय,” म्हणाली. दाराशी येऊन थांबली. “येते हं, केतोबा.”

राजाने कडी धरली. “ये,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“ये, आई.”

“मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं.”

“ये!” राजा ओरडला. पाहुण्यांनी ऐकले, गावाने ऐकले, नदीवरच्या नावाड्याने ऐकले. साळुंकीचे म्हणणे असे, की म्हातारीला पहिलेच ‘ये’ ऐकू आले होते.

कडी कधी बदलली नाही. सोनार विचारायला आले की राजा नको म्हणे. सकाळी दार उघडताना त्याचा हात झिजल्या जागी पडे आणि कान पुन्हा तापत, रोज, अगदी म्हातारपणापर्यंत. दार मात्र त्यानंतर कधी अडले नाही. आता ते दार लागले, तशी आपणही गोष्टीला कडी लावू.