कोपऱ्यातली सही

"...पण तुमच्या एकाही चित्रावर सही का नाही?"

म्हातारा हार्लन डब्यात ब्रश खळबळून धूत होता. त्याने मान वर केली नाही.

"समोरच्या त्या कड्याचं नाव काय?"

"नकाशात तरी दिसलं नाही," शार्दूल म्हणाला.

"हं..."

एवढ्यावर बोलणं संपलं. शार्दूल इंगवलेला हे काही उत्तर वाटलं नाही. कोल्हापूरचा हा तरुण चित्रकार. बक्षिसं भराभर मिळाली होती आणि त्यांचा ताठा त्याच्या मानेत उतरला होता. तरी न्यू मेक्सिकोच्या या ओसाड माळावर तो आला होता तो एकाच आशेने, की हार्लनने आपल्याला शिष्य म्हणून ठेवून घ्यावं.

हार्लन तरुणपणी शिकागोत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दिवसभर दुसऱ्यांची नावं. मग कधीतरी इथे आला, हा लाल कडा पाहिला आणि इथलाच झाला. तेव्हापासून त्याने फक्त हा कडा रंगवला. धुळीतला, बर्फातला, पहाटेचा. मोठमोठ्या संग्रहालयांत ती चित्रं होती. लोक सही शोधत नसत, कडा ओळखत.

"मला ठेवून घ्याल?" शार्दूलने सरळच विचारलं.

"आधी रंगव. संध्याकाळी बघू."

शार्दूलने ईझल मांडलं, कोरा कॅनव्हास चढवला आणि सवयीप्रमाणे खालच्या कोपऱ्यात काळ्याभोर रंगात आधी सही ठोकली. चित्र मागाहून. कॉलेजातले मित्र चिडवायचे, मूल व्हायच्या आधीच बारसं उरकतोस म्हणून. तो हसून सोडून द्यायचा. चित्र होणार याची त्याला कधी शंकाच नसायची.

हार्लनने सही पाहिली. पुन्हा आपल्या ब्रशांकडे वळला.

शार्दूलने लाल रंग कालवला, वर पाहिलं, तर कडा तपकिरी. तपकिरी कालवला, तोवर कड्यावर निळसर सावली उतरलेली. पॅलेट पुसलं. पुन्हा कालवलं. पुन्हा पुसलं. दुपार कलली तरी कॅनव्हासवर एक फटकारा नव्हता. जो हात कधी अडला नव्हता तो आज जागचा हलेना. आता हा म्हातारा आपल्याला घरी धाडणार.

उन्हं उतरायला लागली तसा हार्लन आला.

"दाखव."

"काहीच झालं नाही..."

हार्लनने कॅनव्हास उचलला. फेकतोय की काय, असं शार्दूलला वाटलं. पण त्याने तो उलटा फिरवून ईझलवर ठेवला. पाठ सूर्याकडे, तोंड कड्याकडे.

"इकडे ये, या बाजूला. आणि हात खिशात घाल."

"पण असं कोणी..."

"गप्प उभा राहा, पोरा."

दोघे उभे राहिले. मावळतीचं ऊन समोरच्या कड्यावर पडलं आणि अख्खा कडा निखाऱ्यासारखा पेटला. शार्दूल तिकडेच बघत राहिला असता. हार्लनने त्याचा खांदा धरून त्याला कॅनव्हासकडे वळवलं.

सावलीतलं ते पांढरं कापड पांढरं राहिलं नव्हतं. त्यावर कड्याचा उजेड येत होता. आधी फिकट गुलाबी, मग शेंदरी, मग असा लाल, जो शार्दूलला दिवसभरात एकदाही कालवता आला नव्हता. ब्रश नाही, रंग नाही. कडा आपणहून येऊन कापडावर बसत होता.

शार्दूलच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, कशासाठी ते त्याचं त्यालाही कळलं नाही. डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण प्रत्येक डोंगराला कॅनव्हासची पाठ दाखवत आलो, हे त्याला आज दिसलं.

"रोज... असंच होतं?"

"रोज."

लाल रंग हळूहळू निवत चालला.

"मला ठेवून घ्याल?" शार्दूलने पुन्हा विचारलं. सकाळचा आवाज आता राहिला नव्हता.

हार्लन वाकला. रंगाने माखलेलं बोट त्याने खालच्या कोपऱ्यात, त्या काळ्या अक्षरांवर ठेवलं.

"सगळीकडे आला बघ कडा... एवढ्याच जागेत त्याला येता आलं नाही."