कामाच्या डब्यावरचे रंग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य कुठलं, राजा कोण, ते मला विचारू नका; नावं लक्षात ठेवायचं माझं वय गेलं. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी. थोरांनी जरा कान देऊनच.

त्या राजाला एकच वेड होतं, खेळण्यातल्या आगगाडीचं. दिवाणखान्यात त्यानं पितळी रूळ टाकून घेतले होते. चावी दिली की इंजिन खुडखुडत निघे आणि मागून वीतभर लांबीचे डबे डुलत जात. राणीचा डबा, वऱ्हाडाचा डबा, हत्तींचा डबा! सगळे एका म्हाताऱ्या चिताऱ्यानं लाकडात घडवलेले आणि त्यानंच रंगवलेले.

घडवून घडवून म्हातारा पार थकला होता. बोटं वळेनात, रेघ ओढताना डोळ्यांतून पाणी येई. त्याची एकुलती एक लेक घाटापलीकडे दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते. म्हाताऱ्यानं हात जोडले. "महाराज, आता मोकळं करा. नातवंडाच्या बारशाला जायचंय."

"जा की!" राजा म्हणाला. "फक्त एक डबा करून दे. गाडी घसरली की ही माणसं हातानं उचलतात आणि काहीतरी मोडून ठेवतात. घसरलेला डबा अलगद उचलेल, रुळांवरची धूळ झाडेल, असा कामाचा डबा हवा. मेजवानीच्या दिवशी पाहुण्यांसमोर तो चालला, की तू सुटलास."

म्हातारा हुरूपानं कामाला लागला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं. डब्याच्या पोटाखाली कुंचला बसवला आणि वर ओझं उचलणारी चिमुकली यारी. तिची खुंटी अशी बेतून बसवली, की नुसत्या फुंकरीनं यारी फिरे. मग गेरूचा एकच पातळ हात दिला. कामाच्या डब्याला धूळ लागायचीच, गेरूत ती दिसत नाही.

घरी म्हातारीनं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. त्यावर चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायचं लाकडी राघू-मैनांचं झुंबर. म्हाताऱ्यानं ते नातवंडासाठी केलं होतं. घाटापलीकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या. ती खेप चुकली, की पुढची एकदम पुढच्या सालात.

डबा बघून राजानं नाक मुरडलं. "गेरू? माझ्या दरबारात? छे! चांगला लालभडक कर."

आता रंगावर रंग चढला, की तो खुंटीत उतरणार आणि खुंटी धरणार, हे म्हाताऱ्याला कळत होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण सांगायचं म्हणजे राजाला समजवायचं, मग राजा दिवाणजींना बोलावणार, मग वाद. एवढी ताकद कुणात आहे?

"जी महाराज," तो म्हणाला.

लाल झाला. राणी म्हणाली, "अगंबाई, लाल किती डोळ्यांत खुपतोय! मोरपंखी करा." जी बाईसाहेब. मोरपंखी झाला. दिवाणजी म्हणाले, "वर सोनेरी वेलबुट्टी हवी, आणि सगळ्यावरून लाखेची झळाळी." जी दिवाणजी.

म्हातारीनं बोटानं यारी ढकलून पाहिली. "अहो, ही जड फिरतेय. सांगा ना त्यांना!"

"अगं, कोण डोकं लावत बसणार? सांगण्यापेक्षा एक हात मारणं सोपं. उद्याचा दिवस ढकलला की सुटलो."

"हात जोडायला बरं सुचतं तुम्हाला, तोंड उघडायला तेवढं सुचत नाही!"

मेजवानीला पाहुणे जमले. गाडी निघाली आणि वळणावर राणीचा डबा घसरून आडवा झाला. राजा खूश झाला. "आणा आमचा कामाचा डबा!"

डबा आला. काय त्याचा थाट! पाहुणे वाहवा करू लागले. पण कुंचला लाखेनं कडक झालेला, तो रुळांवर ओरखडे काढत आला. यारी तर हलेचना. राजानं स्वतः जोर लावला, आणि यारी कट्कन मोडून त्याच्या हातात आली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

राजा लालबुंद झाला. "हा चालल्याशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

"रंगानं खुंटी धरली, महाराज," म्हातारा खाली मान घालून म्हणाला. "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"थकलो होतो, महाराज."

राजानं मोडकी यारी खाली टाकली. "अरे, मग गेरू तर गेरू! सांगितलं असतंस तर तसाच चालवला असता."

चालवला असता का, देव जाणे. राजेलोकांना शहाणपण मागाहून सुचतं. पण म्हाताऱ्यानं सांगितलंच नव्हतं, तेव्हा त्याला आता बोलायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या गाड्या त्याच्या दारावरून घुंगरं वाजवत गेल्या. म्हातारा आत बसून रंग खरवडत होता. आधी सोनेरी, मग मोरपंखी, मग लाल. डबा घडवायला लागला नव्हता एवढा वेळ त्याला खरवडायला लागला. शेवटी खालचा गेरू दिसला, नवी यारी बसली, डबा सुरेख चालला. तोवर गाड्या घाट उतरून गेल्या होत्या. म्हातारीनं गाठोडं सोडलं आणि ती ढसाढसा रडली.

पुढच्या साली दोघं लेकीच्या दारात उतरली. दुडदुडत एक पोर पुढे आली आणि ही अनोळखी माणसं बघून तिनं भोकाड पसरलं. पाळणा केव्हाच माळ्यावर गेला होता.

म्हातारा चिमणाळं हातात धरून अंगणात उभा राहिला. म्हातारी एवढंच म्हणाली, "अहो, आता तरी सांगा, कुठं टांगायचं हे?"

म्हणून म्हणतो, थकलेल्या माणसानं आधी खरं काय ते सांगून टाकावं. कंटाळून दिलेला होकार दुप्पट राबवतो आणि वर घरचं सुखही हिरावतो.