सात पाण्यांचा कंद

“पण सात पाणी कशाला, आजी?”

श्रीरंगने विचारलं तेव्हा ठमाबाई कडूकंदाच्या चकत्यांवरचं चौथं पाणी ओतून टाकत होत्या. राख घालून उकळलेलं, काळपट पाणी.

श्रीरंग शहरातल्या मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी. रानभाज्यांवर दोन पुस्तकं नावावर. महादेव कोळ्यांच्या या डोंगरवाडीत तो कंद रांधायला शिकायला आला होता, पण तीन दिवस शिकण्यापेक्षा सांगणंच जास्त चाललं होतं.

“कडवटपणा चौथ्यातच गेलाय. माझी जीभ चुकत नाही. उरलेली तीन पाणी म्हणजे नुसती रीत.”

ठमाबाई हसल्या. त्याच्या हातात फुंकणी दिली आणि पाचवं पाणी चढवलं.

मग सहावं.

मग सातवं…

धुराने श्रीरंगचे डोळे लाल झाले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा कंद उतरला. ठमाबाईंनी मीठ-मिरची लावली, पळसाचं एक पान घेतलं, त्यावर मूठभर कंद ठेवला, आणि ते पान दाराबाहेरच्या दगडावर ठेवून हात जोडले.

“देवाला?” श्रीरंगने विचारलं.

“न्हाय.”

“पितरांना?”

“आमचे व्हते का दुसऱ्या कुनाचे, ठाव न्हाय.”

“मग?”

“दुस्काळात कुनीतरी पयल्यांदा ह्यो कंद खाल्ला. कच्चाच. दुसऱ्यानं एका पान्यात उकळला. तिसऱ्यानं दोन…”

त्या थांबल्या.

“चौथ्या पान्याला एकीला वाटलं, आता कडू लागत न्हाय, म्हंजे इखबी गेलं. तिनं पोरांनाबी वाढला…”

श्रीरंगची मान खाली गेली.

मग त्याने दगडावरच्या पानाकडे पाहिलं.

“त्यांची नावं?”

“कुनी ध्यानात ठिवली?”

ठमाबाईंनी त्याचं पान वाढलं. कंद, वर नाचणीची गरम भाकरी. श्रीरंग उठला, बाहेरच्या दगडापाशी गेला आणि वाकला. हजारो ताटं वाढली होती त्याने. ताटापुढे बसताना हात मात्र कधी जोडले नव्हते.

तो परत येऊन बसला. भाकरीचा तुकडा मोडला. हात तिथेच राहिला.

“काय झालं?”

“घास उचलवत नाही, आजी…”

ठमाबाईंनी पान त्याच्याकडे सरकवलं.

“खा, बाबा. त्यांचं जेवान अर्धंच ऱ्हायलंय.”