गार्नेटच्या पोटातली शेपटी

खड्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. पैलू पाडायच्या एका कारखान्यात हिरवा गार्नेट राहायचा. रंग कोवळ्या पानासारखा, पण पोटात सोनेरी तंतूंचा झुबका, थेट घोड्याची शेपटीच. दुसऱ्या दिवशी रत्नपारखी अंबूताई राणीच्या अंगठीसाठी खडा निवडायला येणार होत्या.

शेजारचा काचेचा खडा हसला. "पोटात केर घेऊन अंगठीत बसणार होय रे? मला बघ, आरपार स्वच्छ!"

गार्नेटला ते फार लागलं. तो घासायच्या चाकाला म्हणाला, "चाकदादा, एवढी शेपटी काढून टाक."

"अरे, निम्मा झिजशील. पारखीण येईपर्यंत तरी थांब."

"काढ म्हणतो ना!"

चाकाने काढली.

सकाळी अंबूताईंनी गार्नेट खिडकीच्या उजेडात धरला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ आत काहीतरी शोधलं.

"रंग झकास आहे," त्या म्हणाल्या, "पण खऱ्या हिरव्या गार्नेटच्या पोटात असते ती शेपटी कुठे दिसत नाही. ती असती तर बेलाशक खाणीतला म्हटलं असतं."

त्यांनी गार्नेट काचेच्या खड्यांच्या डबीत टाकला.

काचेचा खडा जरा सरकला. "ये, बस," तो म्हणाला. "आता आपण दोघंही स्वच्छ."