वर किती?

ऐका पोरांनो, आणि थोरांनो, तुम्हीसुद्धा. राजे हत्तीवरून हिंडत होते, त्या काळातली ही गोष्ट. सांगताना अजून माझं डोकं तापतं!

एका गावी एक तेलीण होती. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. घाण्याचा बैल मेला आणि घरची चूल थंड पडली. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या, आलेली चाळीस नाणी कनवटीला लावली आणि गुरांच्या बाजाराला गेली.

तिथं वडाखाली बैलांचा लिलाव चाले. पुकाऱ्या ढोल बडवून बोली पुकारी. एका तांबड्या बैलावर तेलिणीनं सगळेच्या सगळे चाळीस लावले.

"चाळीस एक वार! चाळीस दोन वार! चाळीस तीन वार!"

बैल तिचा झाला. तिनं आनंदानं कासऱ्याला हात घातला.

"थांब बाई," पुकाऱ्या म्हणाला, "वरचे दहा टाक."

"कसले वरचे?"

"माझी पुकारणावळ, ढोलाची बडवणावळ, आणि वडाखाली उभी राहिलीस त्याची सावलीपट्टी."

सावलीचे पैसे! वड काय याच्या बापानं लावला होता?

"अहो, मग हे आधी सांगायचं होतं!"

"तू विचारलंस का?" असं म्हणून त्यानं कासरा हिसकावला आणि बैल परत खुंट्याला बांधला.

आठ दिवस त्या माउलीनं घाण्याचं जू स्वतःच्या खांद्यावर ओढलं. खांदा सोलून निघाला.

पुढच्या बाजारी तोच बैल पुन्हा लिलावाला आला. ढोल वाजला, तशी तेलीण गरजली, "आधी सांगा, वर किती?"

पुकाऱ्यानं कानाडोळा केला. पण गर्दीत असे नागवलेले पुष्कळ होते. सगळा बाजार ओरडू लागला, "वर किती? वर किती?"

"दहा," पुकाऱ्या पुटपुटला.

झालं! वरचे दहा आधीच वजा धरून तिसाच्या पुढं कुणी बोली लावीना. बैलाचा मालक, एक म्हातारा शेतकरी, तावातावानं पुढं आला.

"मेल्या, माझ्या बैलावर दहा तू खायचे आणि झळ मी सोसायची?"

त्यानं बैल सोडला आणि कासरा तेलिणीच्या हातात दिला. "घे पोरी. चाळीस म्हणजे चाळीसच."

त्यापुढं घेणारे आणि विकणारे माळावर समोरासमोर बसून सौदा करू लागले. पुकाऱ्याचा ढोल ऐकायला वडाखाली कुणी उरलं नाही.

म्हणून सांगतो, बोली लावण्याआधी वरचा खर्च विचारा, आणि जो हा खर्च लपवतो त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.